ठाणेदारावरचा आळ

पार्बताबाई कधी चुकत नाही. मोर्शीजवळच्या तिच्या मळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, आणि एखाद्याला नसलंच, तर चहाला उकळी फुटायच्या आत ती स्वतः ते सांगून मोकळी होते. बावीस वर्षांपूर्वी मावसबहिणीच्या लग्नाला अमरावतीला जायचं म्हणून ती घरून निघाली आणि मोर्शीच्या स्टँडवर वरूडच्या गाडीत जाऊन बसली. अमरावती एकीकडे, वरूड बरोबर दुसरीकडे. वरूडला उतरल्यावर दुसऱ्या कुणी कपाळावर हात मारून घेतला असता. पार्बताबाईनं बाजारात जाऊन पिठाची एक चाळणी घेतली, परतीची गाडी धरली आणि घरात पाऊल टाकता टाकता सांगितलं, "मले वरूडलेच जाचं होतं. चाळनी आनाची होती." ठेवणीतलं लुगडं नेसून, नाकात नथ घालून चाळणी आणायला कोण जातं, हे विचारायची हिंमत तिच्या नवऱ्याला, देवीदासला, झाली नाही. चाळणी अजून स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली आहे. त्या घरात कुणाचं काही चुकलं आणि तो कबूल करेना, की देवीदास तोंडातल्या तोंडात म्हणतो, "वरूडची चाळनी." अर्थात पार्बताबाई पाठमोरी असताना.

मळ्यात संत्र्याची बाग आहे, विहिरीलगत वांगी, मेथी आणि सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, वाफे आहेत, मधोमध घर आहे आणि घराभोवती पंचवीस-तीस गावरान कोंबड्या आहेत. सकाळी खुराड्याची फळी सरकवली की त्या मोकळ्या. दिवसभर उकिरडा, वाफे, गोठा, ओटा असा त्यांचा फेरफटका चालतो, आणि पार्बताबाईनं काही वाळत घातलं रे घातलं की सगळा ताफा तिकडे वळतो. त्यांच्यासाठी पार्बताबाईकडे आयुष्यभर एकच शब्द होता: "हुश्श!" कुकरची वाफ सुटावी तसा तो सुटायचा. शेजारच्या मळ्यातली शकुन म्हणायची की तुझ्या हुश्शनं माझ्याही कोंबड्या पळतात.

चार वर्षांपूर्वी पार्बताबाईचे दात गेले. आधी पुढचे, मग आजूबाजूचे, मग राहिलेल्यांचाही जीव रमेना म्हणून डॉक्टरांनी तेही काढले. तेव्हापासून तिनं तोंड कुणाला दाखवलं नाही. हसायची ती पदराआड आणि जेवायची ती भिंतीकडे तोंड करून. भांडताना सुद्धा पदर तोंडावर असायचा, आवाज मात्र पहिल्यासारखाच खणखणीत. खुद्द देवीदासनं या चार वर्षांत आपल्या बायकोचं उघडं तोंड पाहिलं नव्हतं. त्याला त्याचं वाईट वाटे, पण बोलून दाखवायची त्या घरात पद्धत नव्हती. हुश्शचं मात्र काही बिघडलं नाही. उलट वाटेत दातांची अडचण नसल्यानं तो आता अधिकच मोकळेपणी सुटत असे.

याच काळात ठाणेदार आला. कुणीतरी रस्त्याच्या कडेला सोडून दिलेलं पिल्लू, पोट पाठीला लागलेलं, कान शरीरापेक्षा मोठे. आल्या दिवशीच ते फाटकात बसलं आणि आत येणाऱ्या प्रत्येकाकडे मान वाकडी करून पाहू लागलं. देवीदास म्हणाला, "हे तं ठानेदारच होऊन बसलं गा!" नाव तेच पडलं.

कोंबड्यांशी त्याची ओळख पहिल्याच आठवड्यात झाली, आणि ती त्यानं जन्मभर लक्षात ठेवली. दहा पिलांची एक आई उकिरडा उकरत होती. ठाणेदार खेळायला म्हणून तिच्या पिलांजवळ गेला. ती पिसं फुलवून, आहे त्याच्या दुप्पट होऊन त्याच्या नाकावर अशी बसली, की ठाणेदार केकाटत गोठ्यात शिरला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. तेव्हापासून कोंबडी समोरून आली की वाट सोडायची ती ठाणेदारानं. तो मोठा झाला, वासराएवढा दिसू लागला, पण हा नियम काही बदलला नाही. दुपारी तो संत्र्याखालच्या ओल्या मातीत आडवा झाला की दोन-तीन कोंबड्या येऊन त्याच्या अंगावरच्या गोचिड्या टिपत. कानामागची गोचिडी निघाली की तो डोळे मिटून पाय ताणी. त्याच्या जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, भाकरी पडली की आधी कोंबड्या चोच घालत आणि तो बाजूला बसून, लाळ गाळत, आपला नंबर यायची वाट पाही. आभाळात घार फिरू लागली आणि कोंबड्यानं धोक्याची हाक दिली, की सगळ्या जणी बैलगाडीखाली आणि ठाणेदार बाहेर उभा राहून आभाळावर भुंके. मुंगसाला तर त्यानं मळ्याची वेसच बंद करून टाकली होती.

त्याचं खरं काम बागेत होतं. वानरं उतरली किंवा रानडुकरं शिरली की पार्बताबाईचा मुलगा गोपाल धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून ओरडे, "ठानेदार, छू!" हा एक शब्द गोपालनं त्याला महिनाभर खपून शिकवला होता. छू म्हटलं की ठाणेदार मागचा-पुढचा विचार करत नसे. तोंडातली भाकरी टाकून, झोपेतून उठून, पाऊस असो की ऊन, बाण सुटावा तसा सुटे, समोर जे दिसेल ते धुऱ्यापार नेऊन सोडी आणि मग परत येऊन शाबासकीसाठी उभा राही. आजूबाजूच्या मळ्यांतले लोक म्हणत, कुत्रा असावा तर असा.

यंदा होळीच्या आधी गोपालनं आईला मोटरसायकलवर बसवून तीनदा अमरावतीला नेलं आणि तिसऱ्या खेपेला पार्बताबाई कवळी बसवून घरी आली. येताना वाटेत तिनं गाडी दोनदा थांबवायला लावली आणि आरशात दात पाहून घेतले. घरी पोचल्यावर पदर खांद्यावर टाकून ती ओट्यावर बसली, ती संध्याकाळपर्यंत. येणाऱ्या-जाणाऱ्याशी कारण असो-नसो हसली. जेवायला भिंतीकडे नव्हे, सगळ्यांकडे तोंड करून बसली आणि चार वर्षांनी कडक भाकरीचा पापुद्रा कुरकुर वाजवत खाल्ला. देवीदास घास हातात धरून नुसता बघत राहिला. सून मंजुषा हळूच म्हणाली, "आत्याबाई, फोटो काढू?" पार्बताबाईनं एक नाही, अकरा काढून घेतले.

डॉक्टरांनी एक सांगितलं होतं. दोन महिने काही अक्षरं नीट उमटणार नाहीत, जीभ बसेपर्यंत धीर धरा. पार्बताबाईचा 'श' गेला. त्याच्या जागी 'छ' आला. शेंगांच्या छेंगा झाल्या, महादेवाच्या देवळातला शंकर छंकर झाला, आणि शेजारीण दारात आली तशी पार्बताबाई म्हणाली, "ये वो छकुन, बस."

शकुन म्हणाली, "मावशी, माहं नाव बदललं का तुमी?"

"तुह्या कानाले काय झालं?" पार्बताबाई म्हणाली. "बराबर तं म्हनून राहिली मी. छकुन."

गोपाल घरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून हसला. पण कोण कुणाला सांगणार? चार दिवसांत सगळ्यांच्या कानांना सवय झाली. ती छेंगा म्हणे, लोक शेंगा ऐकत. माणूस ओळखीनं ऐकतो. कुत्र्याला तेवढी सोय नसते, तो नुसत्या कानानं ऐकतो. पण हे शहाणपण त्या घरात कुणाला सुचायला अजून महिना होता.

होळी झाली, ऊन चढलं आणि पार्बताबाईनं अंगणात बाजेवर मुगवड्या घातल्या. कोंबड्यांना बातमी लागायला वेळ लागला नाही. तांबडी कोंबडी बाजेवर चढली, तिच्या मागून आणखी तिघी. पार्बताबाई दारातून ओरडली, "हुच्छू! हुच्छू!"

संत्र्याखाली आडवा झालेल्या ठाणेदारानं डोळे उघडले. त्यानं बागेकडे पाहिलं, तिथं वानर नव्हतं. डुक्करही नव्हतं. त्यानं पार्बताबाईकडे पाहिलं. 'मलाच म्हणताय का?' असं त्याच्या तोंडावर अगदी स्पष्ट लिहिलेलं होतं. पार्बताबाई कोंबड्यांकडे हात करून पुन्हा ओरडली, "हुच्छू!" आता शंकेला जागा नव्हती. ठाणेदार उठला आणि सुटला. बाज उलटली, मुगवड्या मातीत गेल्या, कोंबड्या जमेल तिथं उडाल्या. एक छपरावर, एक विहिरीच्या काठड्यावर, तांबडी थेट शकुनच्या मळ्यात. हे सगळं आटोपून ठाणेदार धापा टाकत परत आला, पार्बताबाईसमोर उभा राहिला आणि शेपूट हलवू लागला.

"पाहा, पाहा!" पार्बताबाई म्हणाली. "इतकं नुकसान केलं आनि वरून छेपटी हालवते, बेछरम!" आणि तिनं त्याच्या पाठीत चप्पल घातली.

ठाणेदार चक्रावला. काम कमी पडलं असं त्याला वाटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तो अधिक जोरानं धावला.

त्यानंतर रोज तेच. कोंबड्या वाफ्यात शिरल्या, हुच्छू, ठाणेदार सुटला. ओट्यावर चढल्या, हुच्छू, ठाणेदार सुटला. चप्पल खाल्ली की तो बिचारा कान पाडून बसे, पण पुन्हा हाक आली की कर्तव्याला जागे. लोकांनी उपाय सांगितले. कुणी म्हणालं, चुलीतली राख नाकाला लावा. कुणी म्हणालं, पोटभर घाला, भुकेनं करत असेल. गोपालनं गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवलं, ओढाळ गाईच्या गळ्यात बांधतात तसं. ठाणेदार लोढण्यासकट धावला. गुडघे सोलवटले, पण हुकूम मोडला नाही.

देवीदासनं एकदा चाचरत म्हणून पाहिलं, "अवो, तू बाजारात गेली होती ना काल, त्यानं ढुंकून नाई पाह्यलं कोंबड्याइकडे. तांबडी त्याच्या पाठीवर बसली होती."

"म्हंजे मलेच पाहून माजते तो!" पार्बताबाई म्हणाली. "चांगलं ओळखून हाये मी त्याले."

मग एका दुपारी मंजुषाची कबरी कोंबडी गेली. ही मंजुषानं माहेराहून पिशवीत घालून आणलेली, तिच्या आईनं दिलेली. मंजुषाच्या मांडीवर बसून दाणे खायची, तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात शिरायची. त्या दिवशी ती वाळत घातलेल्या गव्हात शिरली, पार्बताबाई ओरडली, ठाणेदार धावला, आणि कबरी घाबरून उडाली ती विहिरीत पडली. ठाणेदारानं तिला दातही लावला नव्हता. पण विहिरीतून टोपलीनं वर काढली तेव्हा ती संपलेली होती. मंजुषा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "या घरात एक तं कोंबड्या राहतीन, नाई तं तो."

पार्बताबाईनं त्याच क्षणी निकाल दिला. अकोल्याला जुन्या शहरात देवीदासचा भाचा सागर राहतो, त्याचं ढेप-सरकीचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं, दुकान आहे, मागं अंधारं गोदाम आहे. गोदामाला राखणीचा कुत्रा हवा असं तो दिवाळीपासून म्हणत होता. पार्बताबाईनं फोन लावायला सांगितला. "सागर, रविवारी गाडी घेऊन ये बापा. ठानेदाराले घेऊन जाय. साखळदंड तुह्याजवळच असन."

फोन ठेवल्यावर ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिला ते गोदाम ठाऊक होतं. दोन हात रुंदीची गल्ली, वर पत्रा, खाली पोत्यांची थप्पी. तिथं हा साखळीला बांधलेला राहणार, ना माती, ना झाड, ना गोचिडी टिपायला कुणी. तीन वर्षांत आपण या कुत्र्याशी जितकं बोललो तितकं नवऱ्याशी बोललो नाही, हे तिला त्या दिवशी प्रथमच जाणवलं. पण शब्द गेला होता. आणि पार्बताबाईनं शब्द मागं घेतला असं आजवर घडलं नव्हतं.

रविवारी सकाळी दहाला सागर लोडिंग ऑटो घेऊन आला. गोपालनं दोरी शोधायला घेतली, मंजुषानं चहा टाकला, देवीदास बाजेवर बसून जमिनीवर काडीनं रेघा ओढू लागला. पार्बताबाईनं दुधात भाकरी कुस्करली, गंज उचलला आणि ठाणेदाराला घेऊन घरामागं हौदाजवळ गेली. "भरलेल्या पोटी जाऊ द्या त्याले," ती म्हणाली. खरं कारण असं होतं, की तिला रडू आवरत नव्हतं आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

हौदाच्या दगडावर बसून ती रडली. मनसोक्त रडली. आणि कवळी घालून मनसोक्त रडता येत नाही, हे तिला तिथंच कळलं. हुंदका आला की वरचे दात सुटत, खालचे टोचत. शेवटी तिनं इकडे-तिकडे पाहिलं, कवळी काढून पाण्याच्या लोट्यात टाकली आणि राहिलेलं रडणं पुरं केलं.

ठाणेदारासमोर गंज होता. त्यानं तोंड घालायच्या आत तांबडी आणि तिच्या मैत्रिणी पोचल्या आणि दुधात चोची मारू लागल्या. तो नेहमीसारखा मागं सरून बसला. पार्बताबाईला कोंबड्यांचा संताप आला. निदान आज तरी त्याला आधी खाऊ द्यावं! ती ओरडली, "हुश्श!"

कोंबड्या चार पावलं सरकल्या. ठाणेदार होता तिथंच राहिला. त्यानं कोंबड्यांकडे पाहिलं सुद्धा नाही. पुढं होऊन तो शांतपणे दूध-भाकरी खाऊ लागला.

पार्बताबाईचे डोळे बारीक झाले. आज याला काय झालं? जायच्या दिवशी शहाणपण सुचलं की काय? तिनं डोळे पुसले, लोट्यातली कवळी विसळून तोंडात बसवली. तांबडी पुन्हा गंजाकडे येत होती. पार्बताबाई म्हणाली, "हुच्छू!"

ठाणेदारानं तोंडातली भाकरी टाकली आणि तो सुटला. तांबडी हौदावरून, हौदावरून पेरूवर, पेरूवरून छपरावर. काम फत्ते करून ठाणेदार परत आला, समोर उभा राहिला आणि शेपूट हलवू लागला.

पार्बताबाईनं हळूच दात काढले. "हुश्श." ठाणेदार हलला नाही. दात घातले. "हुच्छू." ठाणेदार सुटला. दात काढले. "हुश्श." ठाणेदार बसला, पण आता त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. तिनं पाच वेळा करून पाहिलं आणि पाची वेळा तेच झालं. मग ती मटकन दगडावर बसली.

महिनाभर तो आपलं ऐकत होता. आपण सांगितलं म्हणून मैत्रिणींवर धावत होता, लोढणं ओढत, गुडघे सोलत. आणि परत येऊन शाबासकी मागत होता, तेव्हा आपण चप्पल मारत होतो. पार्बताबाईला आता रडू सुद्धा येईना. तिनं त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

हे कुणीही पाहिलं नव्हतं. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. पण गप्प राहिलं तर दहा मिनिटांत तो ऑटोत बसणार होता. आणि नुसतं 'नका नेऊ' म्हणून भागणार नव्हतं. कबरी मेली होती, मंजुषाला उत्तर हवं होतं. पुरावा एकच होता आणि तो तोंडात होता. चार वर्षं नवऱ्याला सुद्धा जे दाखवलं नाही, ते भर अंगणात, अकोल्याहून आलेल्या भाच्यासमोर उघडायचं. त्याहून वाईट म्हणजे, चुकलं म्हणायचं. हा शब्द उच्चारायला जीभ कशी वळवायची, याची तिला सवय नव्हती. दातांबद्दल निदान डॉक्टरांनी दोन महिने तरी दिले होते.

ती लोटा घेऊन अंगणात आली. मागोमाग ठाणेदार. गोपाल दोरी घेऊन पुढं झाला.

"ठेव ते दोरी," पार्बताबाई पदराआडून म्हणाली. "सगळे इकडे या. मंजुषा, तू पन. कोंबड्याइले दाने टाक मधात."

मंजुषानं मूठभर ज्वारी अंगणात फेकली. कोंबड्या जमल्या. पार्बताबाईनं पदराआड कवळी घातली, पदर काढला आणि म्हणाली, "पाहा. हुच्छू!"

ठाणेदार सुटला. अंगणात पिसंच पिसं झाली. एक कोंबडी सागरच्या ऑटोत शिरली आणि स्टेअरिंगवर जाऊन बसली. सागर म्हणाला, "मामी, हेच तं सांगून राहिले होते तुमी फोनवर..."

"थांब." कोंबड्या पुन्हा जमेपर्यंत ती थांबली. मग तिनं सगळ्यांकडे तोंड करून, पदर खांद्यावरच ठेवून, कवळी काढली आणि लोट्यात टाकली. गाल आत गेले, हनुवटी वर आली. देवीदास बाजेवरून उठून उभा राहिला.

"हुश्श!" पार्बताबाई म्हणाली.

कोंबड्या सरकल्या. ठाणेदार ढिम्म बसून राहिला.

सगळ्यात आधी गोपालच्या डोक्यात उजेड पडला. "माय वो! छू... हुच्छू... माय, तू त्याले छू म्हनून राहिली होती!"

"हो," पार्बताबाई म्हणाली. बोळक्या तोंडातून शब्द फुसफुसत होते, पण तिनं एकही गिळला नाही. "मीच म्हनून राहिली होती. त्याचा काई कसूर नाई. मंजुषा, तुही कबरी त्यानं नाई मारली. माह्या तोंडानं मारली. मी चुकली."

मंजुषानं चहाचं भांडं खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते, पण ओठ काही ऐकेनात, ते हसायला फाकत होते. तिनं पुढं होऊन ठाणेदाराच्या गळ्यातलं लोढणं सोडलं आणि मग सासूच्या हातातला लोटा घेतला. "द्या, मी धुऊन आनतो," ती म्हणाली. सागर ऑटोच्या चाकाला टेकून पोट धरून बसला होता. त्याला हसण्यातून उठायला बराच वेळ लागला.

गोदामाला कुत्रा काही मिळाला नाही. पार्बताबाईनं सागरला दोन टोपल्या संत्री दिली आणि वर ऐकवलं की त्या गोदामात कुत्र्यानं काय, उंदरानं सुद्धा राहू नये.

दुपारी सगळे जेवायला बसले. गोपाल म्हणाला, "माय, दात काढन्यापेक्षा दुसरं काई म्हनत जाय ना. हुर्र म्हन."

"पन्नास वर्सं हेच म्हनून राहिली मी," पार्बताबाई कवळी घालून भाकरी चावत म्हणाली. "आता कोंबड्याइले नवीन भाछा कोन छिकवीन? तू?" तेव्हा ठरलं ते असं: कोंबड्या हाकायच्या असल्या की आधी दात काढायचे. आजही ते तसंच चालू आहे. डॉक्टरांचे दोन महिने होऊन गेले, श अजून पुरता परतलेला नाही. पार्बताबाईचा हात तोंडाकडे गेला की ठाणेदार आपण होऊन आडवा होतो, कारण आता आपलं काम नाही हे त्याला कळतं. मळ्यात येणारे-जाणारे हसतात. ती त्यांना हसू देते.

पण त्या दुपारी जेवताना आणखी एक गोष्ट घडली. देवीदास भाकरी मोडता मोडता थांबला आणि त्याची नजर नकळत खिळ्यावरच्या चाळणीकडे गेली. लगेच त्यानं ती खाली वळवली. पण पार्बताबाईनं पाहिलं होतं. तिच्या नजरेतून काही सुटत नाही, आणि पाठीमागं काय बोललं जातं हे तिला बावीस वर्षं ठाऊक होतं.

तिनं पाण्याचा लोटा पुढं ओढला. सगळ्यांसमोर दात काढले, शब्द स्वच्छ यावा म्हणून, आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "गाडी चुकली होती मी. वरूडची चाळनी! शंभर टक्के चुकली होती. झालं समाधान?"

श लख्ख उमटला होता. गोपाल आणि मंजुषा एकमेकांकडे पाहू लागले. बावीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं ताटापुढं येऊन पडल्यावर देवीदासचं हसायचं राहूनच गेलं. चार वर्षं लपवलेल्या त्या बोळक्या तोंडाकडे तो पाहत राहिला.

"चाळनी मात्र चांगली निंघाली," तो म्हणाला.

पार्बताबाई हसली. पदर खांद्यावरच राहिला.